सणाला घरी जाणारे पोलिश

१ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात सामील झाला आणि ब्रिटनने पोलिश कामगारांना लगेच दारे खुली केली. २०११च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये इंग्रजीखालोखाल पोलिश हीच सर्वाधिक लोकांची मुख्य भाषा होती.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून बसने पोलंड गाठायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. स्वस्त विमानसेवांनी मात्र क्राकूव्ह, ग्दान्स्क ही शहरे अवघ्या दोन-अडीच तासांवर आणली. त्यामुळे शनिवार-रविवार जोडूनही घरी जाता येऊ लागले.

घरी जाण्यासाठी वर्षातल्या दोन सणांचे महत्त्व मोठे. १ नोव्हेंबरला आप्तांच्या थडग्यांवर दिवे लावायचे आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी घरच्यांसोबत जेवायचे. पोटासाठी दूर गेलेल्यांनी जपलेली ही ओढ खरोखर कौतुकास्पद आहे.