गिअरच्या पेटींतलें तेल

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रो-रो बोट सुमारें तासाभरांत मांडव्याला लागते. २०२० च्या मार्च महिन्यांत ही वाहतूक सुरू झाली आणि पेण-वडखळवरून शंभर किलोमीटरांचा वळसा घालणाऱ्या मोटारींना व मोटारसायकलींना समुद्रावरची वाट मोकळी झाली. बोटीची फळी धक्क्यावर टेकते, इंजिनें एकामागून एक चालू होतात, आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या अलिबागच्या रस्त्याला ही मिरवणूक लागते. त्या मिरवणुकींत एखादी जुनी बुलेट असली म्हणजे ती दुरूनच आवाजावरून ओळखूं येते. आणि पुष्कळदां ती चालविणाऱ्याच्या वडिलांची असते.

अशाच एका वारशानें आलेल्या बुलेटवर एक गृहस्थ मांडव्याला उतरले आहेत, अशी कल्पना करावी. झिराड मागें पडतें न पडतें तोंच गिअरच्या पेटींतून बारीक घरघर ऐकूं येऊं लागते. चोंढीच्या नाक्यावर ते एका मिस्त्र्यापाशीं थांबतात. मिस्त्री पेटीचा तळाचा स्क्रू काढतो, बोटावर थोडें तेल घेतो आणि तें उन्हांत धरतो. तेल ताकासारखें पांढुरकें झालेलें असतें, आणि त्यांत पिवळ्या धातूचे बारीक कण चमकत असतात.

“तेल कधीं बदललंत, साहेब?”

“गेल्या वर्षीं, पावसाळ्याच्या आधीं. दुकानांत सर्वांत महाग होतं तेंच घेतलं. डब्यावर गिअर ऑइल असंच लिहिलं होतं.”

“लिहिलं असेल. पण कोणत्या गिअरचं, तें विचारलंत का?”

या प्रश्नांत तेलाच्या निवडीचें सारें मर्म आलें आहे. तेल निवडावयाचें तें डब्याची किंमत पाहून नव्हे, आणि त्यावरचा आंकडा पाहूनही नव्हे. ज्या पेटींत तें राहणार, त्या पेटींत त्याच्या शेजाराला कोण कोण आहे, हें आधीं पाहावयाचें असतें.

या दृष्टीनें आपल्याकडच्या मोटारसायकलींचीं तीन घराणीं पडतात. पहिलें घराणें जुन्या बुलेटचें. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि पुढें अर्धशतकाहून अधिक काळ ही गाडी तेथें तयार होत राहिली. बिडाच्या इंजिनाच्या या बुलेटमध्यें इंजिनाचें तेल वेगळें, क्लच आणि त्याची सांखळी यांचा डबा वेगळा, आणि गिअरची पेटी तर स्वतंत्रच. या पेटींत फक्त दांतेरी चाकें, दांडे आणि त्यांना आधार देणारे बेअरिंग व बुश. येथें खास गिअरचेंच तेल घालावयाचें. दुसरें घराणें म्हैसूरच्या येझदीचें, राजदूतचें आणि आर. एक्स. १०० चें, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचें. त्यांचें इंजिन पेट्रोलबरोबर येणाऱ्या तेलावर चालतें. परंतु गिअर आणि क्लच हे एकाच तेलांत भिजत असतात. तिसरें घराणें आजच्या बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांचें. तेथें इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांचें बिऱ्हाड एकाच तेलावर चालतें.

जेथें क्लच तेलांत बुडालेला असतो, तेथें तेलाला दोन परस्परविरुद्ध कामें करावीं लागतात. दांत्यांमधलें घर्षण त्यानें कमी केलें पाहिजे, पण क्लचच्या पट्ट्यांची एकमेकींवरची पकड मात्र सुटूं देतां कामा नये. मोटारीच्या कांहीं तेलांत इंधन वांचावें म्हणून घर्षण आणखी कमी करणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. तसलें तेल मोटारसायकलींत घातलें तर क्लच घसरूं लागतो. इंजिन ओरडतें आणि गाडी मात्र जागची हलायला कुरकुरते. म्हणून जपानी तंत्रज्ञांनीं अशा तेलांसाठीं एक कसोटी ठरविली. डब्यावर ‘जासो एम. ए.’ किंवा ‘एम. ए. २’ हीं अक्षरें असलीं, म्हणजे तें तेल क्लचला मानवतें असें समजावें. टू-स्ट्रोक गाडीच्या गिअरपेटींतही हीच काळजी घ्यावी आणि गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत सांगितलेला दाटपणा पाळावा.

आतां दाटपणाच्या आंकड्यांविषयीं. इंजिनाच्या तेलावर ४० किंवा ५० असतें आणि गिअरच्या तेलावर ९०. हें पाहून ९० चें तेल दुप्पट दाट असलें पाहिजे, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः हे आंकडे दोन निरनिराळ्या कोष्टकांतले आहेत. पाणी उकळतें त्या, म्हणजे १०० अंश उष्णतेला मोजलें असतां, इंजिनाच्या ४० च्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ च्या दरम्यान भरतो आणि गिअरच्या ९० च्या तेलाचा १३.५ ते १८.५ च्या दरम्यान. म्हणजे दोघे जवळजवळ शेजारीच बसतात. ‘८० डब्ल्यू ९०’ यांतला पहिला भाग थंडीचा. त्याची परीक्षा शून्याखालीं २६ अंशांवर होते. मांडव्याच्या किनाऱ्यावर तशी थंडी कधींच पडत नाहीं. तेव्हां कोंकणांत पाहावयाचा तो मागचा आंकडा.

दाटपणापेक्षांही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेलांत मिसळलेलें औषध. दांत्यावर दांता दाबला गेला म्हणजे तेलाचा थर पिळून बाहेर पडतो आणि पोलाद पोलादावर घासूं लागतें. हें टाळण्यासाठीं गंधक आणि फॉस्फरस यांचीं संयुगें तेलांत घालतात. दाब व उष्णता वाढली कीं तीं पोलादावर एक पातळ रासायनिक थर तयार करतात, आणि मग दांत्याऐवजीं तो थर झिजतो. ‘जी. एल. ४’ या प्रतीच्या तेलांत हें औषध बेताचें असतें, ‘जी. एल. ५’ मध्यें तें साधारण दुप्पट असतें. ही दुसरी प्रत मोटारीच्या मागल्या आंसांतील हायपॉइड गिअरसाठीं आहे, कारण त्या चाकांचे दांते एकमेकांवर फार जोरानें घसटत जातात. मोटारसायकलच्या पेटींतल्या सरळ दांत्यांना एवढ्या औषधाची गरज नसते. उलट जुन्या बुलेटच्या पेटींत ब्रॉंझचे बुश असतात, आणि उष्णतेच्या जोडीनें गंधक तांब्याच्या जातीच्या धातूंना हळूहळू खातें. आजच्या कित्येक जी. एल. ५ तेलांत गंधकाला आवर घालणारीं द्रव्येंही असतात, हें खरें. परंतु ज्याचा लाभ नाहीं तो धोका पत्करावा कशाला? अशा पेटीला जी. एल. ४ प्रतीचें ८० डब्ल्यू ९० हेंच हितकर.

गळती थांबावी म्हणून पेटींत ग्रीस भरण्याची एक जुनी रीत अजून कोठें कोठें दिसते. चाकें फिरतांना ग्रीसमध्यें चर पाडतात. बाजूला सरलेलें ग्रीस पुन्हां चरांत येत नाहीं आणि दांते कोरडे पडतात. गळतीवर उपाय म्हणजे सील बदलणें, तेल घट्ट करणें नव्हे.

आणि समुद्रकांठच्या गाडीचा खरा वैरी म्हणजे पाणी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तें झांकणांतून, सांध्यांतून आणि श्वास घेण्याच्या भोंकांतून आंत शिरतें. गरम झालेली पेटी थंड होतांना बाहेरची दमट हवा ओढून घेते, तो ओलावा निराळाच. पाणी मिसळलेलें तेल दुधाळ होतें. मग तें कितीही उंची असो, त्याचा थर दांत्यावर टिकत नाहीं. यासाठीं कोंकणांत राहणाऱ्यानें पावसाळा संपतांच पेटींतलें तेल एकदां पाहावें आणि दुधाळ दिसल्यास किलोमीटर मोजत न बसतां काढून टाकावें.

चोंढीच्या मिस्त्र्यानें शेवटीं तेंच केलें. गाडी गरम असतांनाच जुनें तेल पूर्ण निथळूं दिलें, थोडें स्वस्त तेल घालून पेटी धुऊन काढली आणि पातळीच्या खुणेपर्यंतच नवें तेल भरलें. खुणेच्या वर भरलेलें तेल पेटींत राहत नाहीं, तें सांध्यांतून वाट काढतें. बुश मात्र पेटी उघडून बदलावेच लागतील, असें त्यानें स्पष्ट बजावलें. “आत्तां बुशावर भागतंय, साहेब. हयगय केलीत तर चाकं जातील.”

बिडाच्या इंजिनाची ती बुलेट २०१० च्या सुमारास तयार व्हावयाची थांबली. बुश बदलतां येतो. पण वडिलांच्या हातचे गिअर ज्या चाकांवर पडत आले, तीं एकदां गेलीं म्हणजे त्यांच्या जागीं दुसरीं बसवितां येतील, तींच परत आणतां येणार नाहींत. दुकानाच्या फळीवरचा डबा उचलण्यापूर्वीं विचारलेला एक प्रश्न त्यांना राखूं शकतो: या पेटींत आहे तरी कोण कोण?