जादा वेळ मिळाला, तो वापरायचा कसा?



वर्गात गुरुजी एका दमात सांगतात, "मराठीचं पुस्तक आत ठेवा, गणिताची वही काढा, पान 34 उघडा, तिसरं उदाहरण सोडवा, आणि झालं की मला आणून दाखवा." मुलं कामाला लागतात. एक मुलगा वही काढतो आणि शेजारच्या वहीत डोकावतो. गुरुजींना वाटतं, नक्कल करतोय. तो बिचारा पान कितवं ते शोधत असतो. पाच सूचनांतल्या दोन त्याच्या हाती लागल्या, तिसरी येईपर्यंत बाकीच्या निसटल्या. अशा मुलाला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. माझ्या मते शाळेत मुलावर होणारा हा सगळ्यात मोठा अन्याय आहे.

काम कुठून सुरू करायचं, क्रम कसा लावायचा, हातातलं काम संपेपर्यंत पुढचं लक्षात कसं धरायचं, मन भरकटलं तर परत कसं आणायचं, या सगळ्याला मानसशास्त्रात कार्यकारी कौशल्यं म्हणतात. कपाळामागचा मेंदूचा भाग यात मोठं काम करतो आणि तो पिकायला पंचविशीपर्यंतचा काळ जातो. म्हणजे दहा-बारा वर्षांचं कुठलंही मूल यात कच्चंच. वाचनाची, लेखनाची किंवा गणिताची अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचं ओझं आणखी वाढतं. बॅडली आणि हिच या संशोधकांनी 1974 साली कार्यस्मृतीची मांडणी केली. काम करता करता मनात धरून ठेवायची ही जागा फार लहान असते. ज्याला एकेक अक्षर लावून वाचावं लागतं, त्याची ही जागा अक्षरांतच भरून जाते. उदाहरणात काय विचारलंय, ते ठेवायला जागाच उरत नाही.

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात या मुलांचा उल्लेखही नव्हता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला चार तास! ही सवलत हवीच, ती लढून मिळाली आहे. पण ज्या मुलाला वेळेचा अंदाजच येत नाही, तो पहिल्या प्रश्नावर दीड तास बसतो आणि जादा तास तिथेच संपतो. वेळ देण्याची सोय झाली, वेळ वापरायला शिकवण्याची झाली नाही. त्याच कायद्याचं कलम 16 शाळांना सांगतं, की ही अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्याचे योग्य उपाय करा. या दुसऱ्या अर्ध्याकडे आपलं लक्ष कमी आहे.

मग हे शिकवायचं कसं? आपल्या भंडारा जिल्ह्यातलं सहावीचं पोर धानाचं काम क्रमानं सांगतं. आधी पऱ्हे टाकायचे, मग बांधीत चिखलणी, मग रोवणी. तिथं ते गोंधळत नाही, कारण बांधीच त्याला पुढचं दाखवते. पऱ्हे वाढलेले दिसतात, पाणी साचलेलं दिसतं. वर्गातली सूचना मात्र बोलता बोलता हवेत विरते. म्हणून पहिला उपाय साधा आहे. पायऱ्या डोळ्यांना दिसू द्या.

भागाकार घ्या. पुठ्ठ्याच्या पट्टीवर एकाखाली एक लिहा: भाग लावा, गुणा, वजा करा, पुढचा अंक खाली घ्या. मुलाच्या हाती एक चिंचोका द्या. एक पायरी झाली की चिंचोका खाली सरकतो. मध्येच कुणी हाक मारली, लक्ष उडालं, तरी आपण कुठे होतो ते चिंचोका सांगतो. सूचनाही अशाच द्याव्यात. एका वेळी दोन, फळ्यावर लिहून, आणि मुलाकडून परत वदवून घेऊन.

काम करताना पुटपुटणाऱ्या मुलाला गप्प करू नका. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी दाखवून दिलं, की लहान मूल मोठ्यानं स्वतःशी बोलून स्वतःचं काम चालवतं आणि तेच बोलणं पुढे मनातल्या मनात जातं. ज्याचं ते अजून मनात गेलेलं नाही, त्याला ओठांवर राहू द्यावं.

घरी अभ्यास घ्या, असं आईला सांगणं सोपं आहे. रोवणीच्या दिवसांत ती पहाटे निघते, दिवसभर चिखलात वाकते, सांजेला येऊन चूल पेटवते. तिच्यावर आणखी भार टाकणारा उपाय मी सुचवणार नाही. दप्तरात काय काय हवं, त्याची चित्रं चपला काढतो तिथल्या भिंतीवर लावा. ती बघून रात्रीच दप्तर भरायचं, मोठ्या भावंडानं एकदा नजर टाकायची, एवढंच.

नववी-दहावीच्या मुलांना घड्याळ समोर ठेवून सराव हवा. प्रश्न सोडवण्याआधी प्रत्येकानं अंदाज लिहावा, हा किती मिनिटांत होईल? मग प्रत्यक्ष किती लागली ते शेजारी लिहावं. सुरुवातीला दोन्ही आकड्यांत मोठी तफावत दिसते. त्याबद्दल मुलाला रागावू नये. तफावत दिसणं हाच अभ्यास आहे. सरावानंतर पेपरच्या कोपऱ्यात तो स्वतःच वेळ वाटून लिहू लागतो.

पायऱ्यांची ती पुठ्ठ्याची पट्टी कायम राहायला नको, पण ती घाईनं काढूनही घेऊ नका. आधी शब्द कमी करा, मग फक्त अक्षरं ठेवा, मग पट्टी दप्तरात राहू द्या आणि अडलं तरच काढू द्या.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतरच मिळतं. पट्टीला आणि चिंचोक्याला प्रमाणपत्र लागत नाही, ते दुसरीतही चालतात. शंका वाटत असेल, तर तुमच्या तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम पाहणाऱ्या विशेष शिक्षकांना भेटा. भेटायला जाताना मुलाची गणिताची वही न्या, आणि ते कोणत्या पायरीवर थांबतं, एवढं बघून जा.