शेळी पडली नाही, पाडली



मला सिनेमावर बोल म्हणून उभं केलंय. मी गोदीत माल चढवतो, उतरवतो. शिक्षण दहावी, जुन्या भाषेत मॅट्रिक. कविता लिहितो, पण तो काही सिनेमावर बोलायचा परवाना नव्हे. तरी बोलतो, कारण मी एकदा सिनेमात होतो. ती भानगड मागाहून सांगतो. आधी एका वल्ली टोळीची गोष्ट ऐका.

स्पेन देश, १९३३ साल. पोर्तुगालच्या सरहद्दीकडे लास उर्देस नावाचा डोंगराळ मुलूख. खडकाळ जमीन, हिवताप, गलगंड, भूक. १९२२ साली खुद्द राजा तिथं घोड्यावरून फिरून आला. राजा आला, फोटो निघाले, राजा गेला. भूक काही त्याच्यासोबत गेली नाही. १९२७ साली एका फ्रेंच पंडितानं त्या लोकांवर जाडजूड प्रबंध छापला. आणि तो वाचून ही टोळी माहितीपट काढायला निघाली.

आता टोळीची हजेरी घेऊ. म्होरक्या लुईस बुन्युएल. क्युबात पैसा कमावून आलेल्या श्रीमंत बापाचा पोरगा. १९२९ साली पहिला सिनेमा काढला तो आईच्या पैशावर. त्यात वस्तऱ्यानं डोळा चिरताना दाखवला आणि पॅरिसच्या शहाण्यांनी टाळ्या पिटल्या. कॅमेरावाला एली लोतार. बाप रुमानियाचा नामांकित कवी. पोरगा मात्र ला व्हिलेतच्या कत्तलखान्यात घुसून भिंतीशी ओळीनं मांडलेल्या जनावरांच्या तोडलेल्या पायांचे फोटो काढून आलेला. तिसरा पिएर युनिक, कवी, म्हणजे आपल्याच धंद्यातला. चौथा राफाएल सांचेझ व्हेन्तुरा, मदतीला. कॅमेरा दुसऱ्याकडून मागून आणलेला.

आणि पाचवा रामोन असीन. वेस्का गावचा चित्रकलेचा मास्तर, अराज्यवादी. यानं दोस्ताला शब्द दिला होता, मला लॉटरी लागली तर तुझ्या सिनेमाला पैसे देतो. असला शब्द आपण नाक्यावर रोज देतो. पण याला खरंच लॉटरी लागली. आणि हा वेडा शब्दाला जागला. २०,००० पेसेटा मोजून दिले.

आईचा पैसा, कत्तलखाना, कविता आणि लॉटरी. ही वरात भुकेल्यांच्या दारात उभी राहिली. हसू येतं ना? मलाही आलं.

सिनेमा सत्तावीस मिनिटांचा. नावाचा अर्थ, भाकरी नसलेली जमीन. बुन्युएलनं तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भिंग घेऊन जोडला. मी मोबाइलवर बघितला. मागे ब्राम्सची सिंफनी, आणि एक थंड आवाज. घरातलं कोणी मेलं तरी ज्याची जेवणाची वेळ चुकणार नाही असा आवाज. तो आवाज सांगतो, इथले लोक शेळीचं मांस खातात ते फक्त एखादी शेळी कड्यावरून पडून मेली तर. आणि शेळी पडते. पण नीट बघा. चौकटीच्या उजव्या कडेला धुराचा एक झोत दिसतो. बंदुकीचा.

शेळी पडली नाही. पाडली.

एक गाढव मधमाश्या चावून मरतं. त्याच्या अंगाला मध फासला होता, हे नंतर बाहेर आलं. शहाणे म्हणतात, हा उपहास आहे. पोट भरलेला प्रेक्षक आणि त्याला दया विकणारे माहितीपट, या दोघांची ती थट्टा आहे. मला पटतं. त्या थंड आवाजाला फटका बसतोच. तिथल्या सरकारनंही सिनेमावर बंदी घातली, देशाची अब्रू जाते म्हणून. भुकेनं गेली नव्हती, सिनेमानं गेली.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. थट्टा पॅरिसच्या प्रेक्षकाची, आणि मेलं कोण? शेळी. गाढव. अख्ख्या सिनेमात उर्देसचा एक माणूस स्वतःच्या तोंडानं चार वाक्यं बोलत नाही.

मग असीनलाही हसून सोडून द्यायचं का? नाही. १९३६ च्या ऑगस्टमध्ये फ्रँकोच्या बाजूच्यांनी त्याला गोळ्या घातल्या. थोड्याच दिवसांत त्याच्या बायकोलाही. सिनेमासाठी नव्हे, तो जो होता त्यासाठी. तेव्हा टोळीतला प्रत्येक जण एका मापाचा नसतो. म्हणून तर प्रत्येकाची पार्श्वभूमी विचारायची. कोण कुठून आला, पैसा कुणाचा, आणि उद्या गोळी सुटली तर हा कुठल्या बाजूला उभा असेल.

आता माझी भानगड. दोन वर्षांपूर्वी एक टोळी आमच्याकडे आली. कॅमेरे, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या. त्यांना पाठीवर पोतं घेतलेला हमाल पाहिजे होता. त्या दिवशी आमच्या पाळीला पोलादाची गुंडाळी होती, ती क्रेन उचलते. पोतं नव्हतंच. मग त्यांनी गोणी आणली, आत लाकडाचा भुसा. म्हणाले, शर्ट काढ, वजन दिसू दे. घाम येईना, तर अंगावर पाणी मारलं. मी वाकलो. तीनशे रुपये घेतले. खोटं कशाला बोलू, घरी जाताना खिमा-पाव खाल्ला.

मी त्यांना सांगितलं होतं, मी कविता लिहितो. वही दाखवली. ते "वा" म्हणाले. सिनेमा आला तेव्हा आवाज सांगत होता, या माणसाला अक्षरओळख नाही, पिढ्यान्‌पिढ्या हेच ओझं. आईनं मोबाइलवर बघितलं. म्हणाली, "तू अडाणी कधी झालास रे? दहावीपर्यंत मी भांडी घासली ती कुणासाठी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भुशाची गोणी त्यांची होती, पण वाकलो मी होतो. त्या शेळीला निदान कुणी विचारलं तरी नव्हतं.

गेल्या महिन्यात दुसरी टोळी आली. मी विचारलं, पैसा कुणाचा? मागचा आवाज कोण लिहिणार? छापण्याआधी मला दाखवणार का? ते म्हणाले, "हे कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही माझा बाप, आजा, पगार सगळं विचारता, तसंच." त्यांनी सामान बांधलं. पैसे बुडाले. बुडू दे.

आणि शेवटी तुम्हाला. तुमच्या सगळ्यांच्या खिशात आता कॅमेरा आहे. वस्तीतल्या कचरा वेचणाऱ्या मावशीचा व्हिडिओ तुम्हीही काढता, मागे दुःखाचं गाणं लावता. काढा. पण आधी तिला विचारा, मावशी, तुला काय बोलायचंय? आणि झाल्यावर तिला दाखवा. ती म्हणाली पूस, तर पुसा.

एवढंच. उद्या सकाळची पाळी आहे.