तो वकील कोणाचा?

(मंचाच्या मासिक बैठकीत झालेले हे भाषण, न येऊ शकलेल्या सभासदांच्या आग्रहावरून देत आहोत. – संपादक)



आधीच सांगतो, मी वकील नाही. माझी सगळी नोकरी डेटाबेस सांभाळण्यात गेली. पण गेल्या महिन्यात आपल्यातल्याच एका तरुण सभासदाचा फोन आला. त्याच्या जुन्या सहकाऱ्यानं कंपनीवर दावा लावलाय आणि याला साक्षीला बोलावलंय. म्हणाला, "काका, कंपनीचा वकील आहेच की माझ्या बाजूनं, मग काळजी कसली?" त्या एका वाक्यामुळे मी आज इथे उभा आहे.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे आपण लहानपणापासून ऐकलंय. पण साक्षीदाराला तो शहाणा आहे की नाही हे कोणी विचारत नाही. सबपीना आला की जावं लागतं. आणि साक्षीदार फोडणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला गुंड येतो. खुनाचा खटला, रात्रीचा फोन, वगैरे. दिवाणी दाव्यात हे काम चांगले सूट घातलेली माणसं करतात, तेही कॉफी देऊन.

जेफ्री विगँडचं उदाहरण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना 'द इनसायडर' या १९९९ च्या सिनेमामुळे माहीत असेल. ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीत हे गृहस्थ १९८९ ते १९९३ संशोधन विभागाचे प्रमुख होते. मिसिसिपी राज्यानं तंबाखू कंपन्यांवर १९९४ साली दावा लावला आणि त्यात नोव्हेंबर १९९५ मध्ये त्यांची जबानी ठरली. कंपनीच्या वकिलांनी केंटकीच्या कोर्टातून त्यांच्या बोलण्यावर मनाई मिळवली. कारण काय, तर त्यांनी गुप्ततेच्या करारावर सही केली होती. म्हणजे मिसिसिपीत तोंड उघडलं तर घरी परतल्यावर तुरुंगाची भीती. शिवाय कंपनीसाठी त्यांच्या खासगी आयुष्यावर सुमारे ५०० पानांचं बाड तयार झालं आणि ते पत्रकारांच्या हाती देण्यात आलं. 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं तपासलं तेव्हा त्यातल्या पुष्कळ आरोपांना आधार सापडला नाही. तरीही विगँड यांनी जबानी दिली.

यातलं सगळंच बेकायदा होतं असं नाही, हे लक्षात घ्या. मनाईचा अर्ज करणं हा वकिलाचा हक्कच आहे. म्हणूनच हा दबाव ओळखायला अवघड.

आणि हे फक्त कंपन्यांचेच वकील करतात असंही समजू नका. १९९७ साली टेक्सासमध्ये ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांत फिर्यादी कामगारांच्या वकिलांकडचं एक टिपण चुकून विरुद्ध बाजूच्या हाती पडलं. जबानीत काय म्हणायचं, काय नाही, याच्या सूचना त्यात पानोपानी होत्या. आपण कामगारांच्या बाजूचे, म्हणून त्याकडे काणाडोळा करू नये असं मला वाटतं.

इंग्लंडमध्ये बॅरिस्टरनं साक्षीदाराची तालीम घ्यायला बंदी आहे. अमेरिकेत तयारी करून घेणं रीतसर मानलं जातं, फक्त खोटं बोलायला शिकवायचं नाही. तयारी आणि पढवणं यांच्यामधली रेषा इतकी पुसट आहे की अमेरिकन बार असोसिएशनला २०२३ साली त्यावर खास मत प्रसिद्ध करावं लागलं.

आता माझी गोष्ट. २००४ साल. आमच्या टीममधली एक बाई बाळंतपणाच्या रजेवरून परतली आणि दोन महिन्यांत तिला काढलं. तिनं दावा लावला. आमच्या मॅनेजरनं एका मीटिंगमध्ये तिच्याबद्दल एक वाक्य उच्चारलं होतं. खोलीत आम्ही चौघं होतो. मी एच-वनवर, बायको एच-फोरवर म्हणजे तिला नोकरीची परवानगी नाही, मुलगी पहिलीत, आणि ग्रीन कार्डचं काम लेबर सर्टिफिकेशनमध्ये अडकलेलं. नोकरी गेल्यावर मिळणारी ६० दिवसांची सवलत २०१७ मध्ये आली. तेव्हा तीही नव्हती.

कंपनीच्या वकिलांनी मला 'तयारी'साठी बोलावलं. दोघंही अतिशय सज्जन. "तुम्हाला नेमके शब्द आठवतात? चार महिने झाले ना? तो गमतीनं म्हणाला नसेल? 'नक्की आठवत नाही' हेही खरं उत्तर असतं." तीन तास हेच, फिरून फिरून. निघताना दारापाशी त्यातला वयस्कर म्हणाला, "तुमचं ग्रीन कार्ड कंपनीच करतेय ना? ठीक चाललंय ना सगळं?"

बस्स. यात धमकी कुठे आहे सांगा! कागदावर उतरवलं तर आपुलकीची चौकशी वाटेल. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

तेव्हा मला जे ठाऊक नव्हतं ते सांगतो. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. १९८१ च्या अपजॉन खटल्यापासून वकील चौकशी सुरू करताना तसं बजावतात, पण आपण ते विमानातल्या सूचनांसारखं ऐकतो. तुमच्याशी झालेल्या बोलण्याची गुप्तता कंपनीच्या मालकीची असते, ती हवी तेव्हा सोडू शकते. कधी कधी तो तुमचंही वकीलपत्र घेतो, पण मग ते स्पष्ट विचारून, लेखी घ्या. भेदभावाच्या दाव्यात साक्ष दिल्याबद्दल मालकानं सूड उगवणं १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं बेकायदा आहे. जबानी चालू असताना तुमच्या बाजूचा वकील "उत्तर देऊ नका" असं मोजक्याच कारणांसाठी सांगू शकतो, आणि हरकत घेताना उत्तर सुचवू शकत नाही. आणि साक्षीदाराला धमकावणं हा संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे, संघराज्याच्या कोर्टातल्या दिवाणी दाव्यातसुद्धा. स्वतःच्या वकिलाचा एका तासाचा सल्ला महाग वाटतो. मला वाटला, म्हणून मी घेतला नाही.

जबानीच्या दिवशी तिच्या वकिलानं सरळ विचारलं, मॅनेजर काय म्हणाला? शेजारून आवाज आला, "आठवत असेल तरच सांगा." मला शब्दन् शब्द आठवत होता. मी म्हणालो, "मला वाटतं, तसं काहीसं म्हणाले असावेत." खोटं नाही बोललो. तिच्याकडे बघितलंही नाही.

काही आठवड्यांनी जबानीचा टाइप केलेला मजकूर घरी आला. वाचून दुरुस्त्या करायला ३० दिवस असतात, मजकुरातसुद्धा बदल करता येतो. ते पाकीट आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून होतं. बायको रोज ते उचलून वाढण्यापुरती जागा करायची, काही विचारायची नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी मी फॉर्म भरला. दुरुस्ती एकच केली, माझ्या आडनावाच्या स्पेलिंगची.

दावा पुढे तडजोडीनं मिटला. तिला काय मिळालं ते कळलं नाही. मला ग्रीन कार्ड मिळालं.

त्या तरुण सभासदाला मी एका वकीलबाईंचा नंबर दिलाय. तो आज मागे बसलाय. तुमचे प्रश्न असतील तर विचारा, पण मी वकील नाही हे लक्षात ठेवून.