बेवारस तुकडा



पदवी घ्यायला दीड तास काळा झगा घालून बसलेल्या माणसांपुढे फार लांबण लावू नये, एवढं मला कळतं. शिवाय मी वक्ता नाही. माझी हयात नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत, तपासणी विभागात गेली. दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट शोधायची, याचा मला पगार मिळायचा. सवय अशी लागली आहे की आजही पंगतीत बसलो तर ताटाच्या काठावरून बोट फिरवून बर, म्हणजे कापताना राहिलेली टोचरी कड, राहिली आहे का ते बघतो.

इथून जवळच ओझरला 1964 पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. त्यामुळे विमानाचा सुटा भाग ही आपल्या जिल्ह्याला परकी गोष्ट नाही. मी कामाला लागलो ते वर्कशॉप अगदी लहान होतं. चार लेथ, एक मिलिंग मशीन आणि एक पॉवर हॅकसॉ. पहिल्याच आठवड्यात मला ईएन 24 पोलादाचा बार कापायला दिला. बारच्या एका टोकाला हीट नंबर पंच केलेला असतो. कोणत्या भट्टीतल्या कोणत्या ओतीतून हे पोलाद आलं, ते त्या नंबरावरून कळतं. कापायचं ते दुसऱ्या टोकाकडून. आणि प्रत्येक तुकडा वेगळा होण्याआधी त्याच्यावर तोच नंबर पुन्हा ठोकायचा. मी नेमकं नंबराचं टोक आधी कापलं, ते जॉबसाठी लेथवर गेलं, आणि हातभर लांबीचा उरलेला बार कोरा राहिला.

चार्जमन आले. म्हणाले, "हा कुठला?"

मी म्हटलं, "त्याच बारचा, साहेब. माझ्यासमोर कापलाय."

त्यांनी ब्रश घेतला, तुकड्याला लाल रंग फासला आणि भंगारात टाकला. मी हळहळलो. महागाचा माल होता. म्हटलं, लॅबमध्ये पाठवू, रसायन तपासून घेऊ. ते म्हणाले, "लॅब सांगेल हे काय आहे. हे कुणाचं आहे ते कोण सांगणार? बेवारस झाला तो."

तेव्हा मला तो हट्ट वाटला. पुढे उमगलं की आपल्याकडचा शेतकरी हे जन्मापासून जाणतो. जमीन घेताना तो माती हातात घेऊन बघतो खरा, पण इसार देण्याआधी सातबारा काढतो. त्यावरही त्याचं समाधान होत नाही. जुने फेरफार काढतो, कुणाकडून कुणाकडे आली, मधे वाटणी झाली का, बहिणींचं हक्कसोड झालं का, बोजा कधी चढला आणि कधी उतरला. मधला एक फेरफार गहाळ असेल तर काळी कसदार जमीनही तो सोडून देतो. विमानाच्या भागाला असाच अखंड उतारा लागतो. ओतीपासून घडाईपर्यंत, घडाईपासून यंत्रकामापर्यंत, विमानावर चढेपर्यंत आणि पुढेही. इंजिनातले काही भाग ठरावीक उड्डाणांनंतर काढून टाकावेच लागतात. त्यांची तर जन्मापासूनची उड्डाणं मोजलेली असावी लागतात.

तुमच्यापैकी काहींच्या मनात येत असेल की हे कारकुनी काम झालं, आम्ही इंजिनिअर आहोत. म्हणून एका बोल्टची गोष्ट सांगतो.

जास्त ताकदीच्या पोलादी बोल्टला गंज लागू नये म्हणून कॅडमियमचा मुलामा देतात. मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरतो. तो बाहेर काढण्यासाठी बोल्ट, साधारणपणे चार तासांच्या आत, भट्टीत घालून 190 अंशांच्या आसपास कित्येक तास तापवावे लागतात. समजा, हे करायचं राहिलं. बोल्टचं माप बरोबर येतं. कडकपणा बरोबर येतो. मुलामा चकचकीत दिसतो. तुमचा मायक्रोमीटर, तुमचं तीस लाखांचं मोजणी यंत्र, सगळे त्याला पास करतात. मग तो विमानावर आवळला जातो आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी, ताणाखाली असताना, काहीही चाहूल न देता तुटतो. हा बोल्ट भट्टीत गेला होता की नाही, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. ते भट्टीच्या तापमानाच्या नोंदीवर कळतं, आणि ती नोंद करणाऱ्या माणसाच्या सहीवर.

विमान उद्योगातलं एएस 9100 हे प्रमाणपत्र कारखान्याची कामाची रीत तपासतं. पण उष्णोपचार, मुलामा, वेल्डिंग, भेगांची तपासणी अशा प्रक्रियांसाठी नॅडकॅप नावाची वेगळी मान्यता लागते, ती याच कारणानं. ज्या कामाचा बरेवाईटपणा तयार मालावर दिसत नाही, तिथे कामच बघावं लागतं.

आता एक मोठं उदाहरण. 19 जुलै 1989. डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं युनायटेडचं डीसी-10 विमान. शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क हवेत फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. 296 पैकी 112 माणसं गेली. डिस्कचे मोठे तुकडे तीन महिन्यांनी मक्याच्या कापणीत सापडले. उगम निघाला 1971 सालच्या एका ओतीत. टायटॅनियम वितळवताना राहिलेला एक कडक, ठिसूळ डाग, आणि त्या जागी मोहरीएवढी पोकळी. तिथून भेग सुरू झाली आणि 15,503 उड्डाणं वाढत राहिली. चौकशी समितीनं मुख्य ठपका ठेवला तो देखभालीतल्या तपासणीवर. भेग आधीच्या तपासणीत दिसायला हवी होती.

पण माझ्यासारखा माणूस त्या अहवालात अडकतो तो दुसऱ्याच पानावर. डिस्कचा उगम शोधताना उत्पादकाच्या जुन्या नोंदींत एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क सापडल्या. त्यांतल्या एकीत अल्ट्रासॉनिक तपासणीच्या वेळी दोषाची खूण मिळाली होती, तिला बाद ठरवलं होतं. मग विमानावर कोणती चढली? त्याच ओतीच्या बाकीच्या डिस्क कोणत्या विमानांवर आहेत, हे तातडीनं शोधायचं असताना चौकशी करणारी मंडळी अठरा वर्षांपूर्वीचे कागद एकमेकांशी ताडून बघत बसली होती. मला कधी कधी वाटतं, त्या नोंदी करणाऱ्या माणसाला त्या दिवशी जेवायची घाई असेल. बस, एवढंच.

खोटेपणाची गोष्ट वेगळी. ओरेगन राज्यातल्या सापा प्रोफाइल्स या कंपनीत ॲल्युमिनियमच्या ताणचाचणीत कमी पडलेले आकडे 19 वर्षं बदलले जात होते. 2009 आणि 2011 मध्ये नासाचे दोन उपग्रह कक्षेत पोचलेच नाहीत. रॉकेटच्या टोकावरचं कवच सुटलं नाही, आणि ते सुटण्यासाठी जो सांधा फुटायला हवा होता त्यात हा माल होता, असं नासाची चौकशी सांगते. नुकसान 70 कोटी डॉलरच्या वर. आकडा बदलणाऱ्याला रॉकेट दिसलं नसणार. त्याच्यासमोर फक्त एक रिकामा रकाना होता आणि पाठवायला उशीर झालेला माल.

2023 मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स या पुरवठादाराचं प्रकरण उघडकीला आलं. एअरबस 320 आणि बोइंग 737 वर चालणाऱ्या सीएफएम 56 इंजिनांचे भाग, सोबत बनावट प्रमाणपत्रं. विमान भागाअभावी जमिनीवर अडकलं की त्याला आमच्या धंद्यात एओजी म्हणतात. अशा वेळी खरेदी विभागाला भाग कुठून आला यापेक्षा कधी येतो हे महत्त्वाचं वाटतं. नाव अचूक निवडलं होतं, हे मान्य करायला हवं. हे उजेडात आणलं पोर्तुगालच्या टॅप कंपनीच्या देखभाल कर्मचाऱ्यांनी. कागदावर नवा असलेला एक लहानसा भाग हातात जुना वाटला. त्यांनी उत्पादकाला विचारलं, आणि कागदावरची सही उत्पादकाच्या कुठल्याच माणसाची नाही असं निघालं.

आणि कागदच नसेल तर? 5 जानेवारी 2024 ला अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचं दाराच्या जागचं झाकण हवेत उडालं. ते धरणारे चार बोल्ट बसवलेच नव्हते. कारखान्यात रिव्हेट दुरुस्त करायला ते झाकण उघडलं होतं, आणि उघडल्याची नोंद नव्हती. ज्याची उघडल्याची नोंद नाही, ते बंद नीट झालं का हे तपासायला कोण जाणार?

हे सगळं सांगून कागद वाढवा असं मी म्हणत नाही. कागदानं मी कंटाळलेला माणूस आहे. एका कारखान्यात ऑडिटच्या आदल्या रात्री सहा महिन्यांच्या सह्या एकाच निळ्या पेननं झालेल्या मी पाहिल्या आहेत. पाहिल्या म्हणजे काय, त्यांतल्या काही माझ्याच होत्या. माल बरोबर होता, याची मला तेव्हा खात्री होती. आज कुणी विचारलं तर ती खात्री दाखवायला माझ्याकडे काहीही नाही. तो सगळा माल माझ्या लेखी बेवारसच आहे, आणि तो कुठे आहे हेही मला ठाऊक नाही.

तुमच्यातले काही जण बेळगावला जातील, काही नागपूरच्या मिहानमध्ये, काही बंगळुरूला. पहिल्या महिन्यात कुणीतरी टीसी मागेल. शाळेत टीसी म्हणजे दाखला, रेल्वेत तिकीट तपासणारा, आमच्याकडे टेस्ट सर्टिफिकेट. तिघांचाही प्रश्न तोच, तू कुठून आलास? कधीतरी तुमच्या हातातही नंबर नसलेला तुकडा येईल, महागाचा असेल, आणि ट्रक गेटवर उभा असेल.

आज तुम्हाला मिळणाऱ्या कागदावरही क्रमांक आहे. तुम्ही जिथे नोकरीला लागाल तिथून तो क्रमांक पडताळणीसाठी विद्यापीठाकडे परत येईल. तेव्हा खाली उतरल्यावर फोटो काढण्याआधी आपलं नाव, आईचं नाव आणि वर्ष नीट वाचून घ्या. चूक असेल तर दुरुस्तीची खिडकी मागच्या इमारतीत पाच वाजेपर्यंत उघडी आहे, असं कुलसचिवांनी मला आत्ताच सांगितलं. अर्जाची पोच मात्र मागून घ्या.