एका महिन्याचे वाचन
(मंडळाच्या नेपियर टाउन येथील सभेत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आम्ही तीन कथाकृती वाचल्या : विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९), व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि हरिशंकर परसाई यांची हिंदी कथा ‘भोलाराम का जीव’. निवडीमागे योजना नव्हती. हाती आले ते वाचले.

‘रणांगणा’तील बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत. ‘बनगरवाडी’तील धनगरांना दुष्काळ गाव सोडावयास लावतो. आणि भोलारामाचा जीव मरणानंतरही पेन्शनच्या फायलीत अडकून राहतो! हक्काची जागा तिघांनाही मिळत नाही. एकेकटे वाचताना हे नाते आमच्या ध्यानी आले नसते.

एक कबुली दिली पाहिजे. पहिली दोन पुस्तके आम्ही तरुणपणीच वाचली होती; तिसरी कथा मात्र प्रथमच वाचली. भोलारामाचे घर जबलपूरच्याच घमापूर मोहल्ल्यातले. परसाई तर १९९५ साली निवर्तले, ते याच नेपियर टाउनचे रहिवासी होते. आणि आम्ही पुण्यामुंबईच्या पुस्तकांची वाट पाहत बसलो! शेजारचा थोर लेखक आम्हांस त्याच्या हयातीत दिसला नाही.

आमची नातवंडे हिंदीतून वाचतात, म्हणून आपण हळहळतो. त्यांच्यासमवेत आपण ‘भोलाराम’ वाचावा. मग ‘बनगरवाडी’ ऐकावयास ती आनंदाने बसतील, असा आमचा विश्वास आहे. मंडळाच्या कपाटात ही पुस्तके शेजारी शेजारी असावीत, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.