वाईची प्राज्ञपाठशाळा आणि जेरुसलेमचे मर्कझ हाराव

(गोंदिया येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून कोल्हापूरला जाते. वाटेत सातारा स्थानक लागते. तेथून जवळच कृष्णाकाठी वसलेले वाई हे गाव घाटांमुळे आणि ढोल्या गणपतीमुळे सर्वपरिचित आहे. याच गावातील प्राज्ञपाठशाळेने विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या विचारविश्वाला वळण दिले. मात्र झाडीपट्टीत तिचे नाव क्वचितच ऐकू येते. आजच्या विषयाचे दुसरे टोक आहे जेरुसलेम. धर्मग्रंथांच्या अध्ययनातून राष्ट्रजीवनाला दिशा देता येते काय, हा प्रश्न साधारण एकाच काळात दोन्हीकडे उभा राहिला, आणि त्याची उत्तरे मात्र निरनिराळी निघाली.

कुलाबा जिल्ह्यातून आलेले नारायणशास्त्री मराठे वाईला प्रज्ञानंद सरस्वतींच्या चरणी बसून शिकले. गुरूंच्याच नावाने 1916 मध्ये पाठशाळेला ‘प्राज्ञपाठशाळा’ हे नाव मिळाले. न्याय, मीमांसा, वेदान्त यांचे पारंपरिक अध्यापन तेथे होतेच. पण शास्त्र शिकलेल्या माणसाने आपल्या काळाकडे पाठ फिरवू नये, हा शास्त्रीबुवांचा आग्रह होता. त्याच सुमारास गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन एक तरुण तेथे दाखल झाला. उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि शांकरभाष्य यांचे त्याने अध्ययन केले. गावात वाचनालय उभे राहावे म्हणून त्याने व त्याच्या सोबत्यांनी जात्यावर लोकांची दळणे दळली आणि त्या पैशातून पुस्तके आणली. हा तरुण म्हणजे विनोबा भावे. विदर्भाला पवनारचे विनोबा ठाऊक आहेत. त्यांच्या वेदान्ताचा पाया वाईत भरला गेला, याचे स्मरण मात्र राहत नाही.

आता जेरुसलेमकडे वळू. 1865 मध्ये जन्मलेले राव अब्राहम आयझॅक कूक 1904 मध्ये पॅलेस्टाईनमध्ये आले आणि 1921 मध्ये तेथील अश्केनाझी ज्यूंचे पहिले प्रमुख धर्मगुरू झाले. दलदली उपसून शेती करणारे बहुसंख्य ज्यू तरुण त्या वेळी नास्तिक होते. ते ना शब्बाथ पाळत, ना आहाराचे नियम. सनातनी मंडळी त्यांना धर्मभ्रष्ट मानीत. कूक यांनी निराळीच भूमिका घेतली: हे तरुण स्वतःला काहीही म्हणवोत, भूमीची सेवा करताना त्यांच्या हातून ईश्वरी कार्यच घडत आहे. ही भूमिका शिकविण्यासाठी 1924 मध्ये त्यांनी येशिवा, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळा, स्थापन केली. तिलाच ‘मर्कझ हाराव’ म्हणतात. राव म्हणजे गुरू, आणि मर्कझ म्हणजे केंद्र. आपल्या परिचयाच्या ‘मरकज’चेच हे हिब्रू भावंड होय.

1935 मध्ये कूक निवर्तले. पुढे अनेक वर्षे ही येशिवा लहानशीच होती. तिला खरा प्रभाव लाभला तो त्यांचे चिरंजीव झ्वी येहुदा कूक यांच्या काळात. मे 1967 मध्ये, इस्रायलच्या स्वातंत्र्यदिनी, त्यांनी विद्यार्थ्यांसमोर फाळणीचे दुःख व्यक्त केले आणि हेब्रॉन कोठे आहे, असा सवाल केला. तीनच आठवड्यांत सहा दिवसांचे युद्ध झाले आणि हेब्रॉन व जुने जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात आले. ते भाषण विद्यार्थ्यांना भविष्यवाणीसारखे वाटले, यात नवल नाही. 1974 मध्ये ‘गुश एमुनीम’ ही चळवळ उभी राहिली. हनान पोरात यांच्यासारखे तिचे अग्रणी याच येशिवात घडले होते. पश्चिम किनाऱ्यावरील ज्यू वसाहतींमागची प्रेरणा फार मोठ्या प्रमाणात येथूनच गेली. त्या वसाहती बहुतेक देश बेकायदेशीर मानतात आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या पॅलेस्टिनी अरबांशी असलेला संघर्ष आजही शमलेला नाही. इस्रायलविषयी कौतुक बाळगणाऱ्यांनी हीही बाजू डोळ्यांआड करू नये. 6 मार्च 2008 रोजी एका बंदूकधाऱ्याने येशिवाच्या ग्रंथालयात शिरून आठ विद्यार्थ्यांचे प्राण घेतले. पुस्तके उघडी असताना ती मुले मारली गेली.

याच येशिवाची खरी परीक्षा त्यापूर्वी, 2005 मध्ये, झाली होती. ज्या राज्याला तिने पवित्र मानले, त्याच राज्याने गाझातील ज्यू वसाहती उठविण्याचा निर्णय घेतला. प्रमुख आचार्य अव्राहम शपीरा यांनी सैनिकांना आज्ञा न पाळण्यास सांगितले. त्याच परंपरेतील झ्वी ताऊ आणि श्लोमो अविनेर यांनी सैन्याची शिस्त मोडण्यास विरोध केला. भूमी पवित्र की राज्य पवित्र, यावर एका गुरूचे शिष्य असे दुभंगले.

वाईत प्रश्न भूमीचा नव्हता, समाजाचा होता. नारायणशास्त्र्यांनी 1931 मध्ये संन्यास घेतला आणि ते केवलानंद सरस्वती झाले. त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी पिंपळनेरहून वाईला आले होते. पुढे 1923 मध्ये कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ पदवी त्यांनी मिळविली. इंग्रजी मात्र ते वाईत विनोबांकडून शिकले! अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार आहे, असे सनातनी पंडित सांगत असताना 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींच्या बाजूने शास्त्रार्थाला हेच उभे राहिले. पुढील वर्षी देवदास गांधी आणि राजाजींच्या कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाहही त्यांनीच लावला. याच पाठशाळेतील महादेवशास्त्री दिवेकर हिंदू संघटन आणि शुद्धीचे पुरस्कर्ते. एका छताखाली इतकी भिन्न मते नांदली, कारण पाठशाळेने विद्यार्थ्याला मत दिले नाही, वाद करण्याची शिस्त दिली.

या शिस्तीचे मोठे फळ म्हणजे ‘धर्मकोश’. 1937 पासून व्यवहारकांडाचे खंड निघू लागले. एकेका विषयावरील वचने, वेदांपासून निबंधकारांपर्यंत, कालक्रमाने मांडायची, अशी त्याची रचना आहे. ओळीने वाचत गेले की नियम कसे बदलले, हे वाचकाला आपोआप दिसते. निराळा युक्तिवाद करावा लागत नाही. केवलानंदांचा ‘मीमांसाकोश’ही सात खंडांचा आहे. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत, आणि पंडितांच्या पुढच्या पिढीला त्याचे आकर्षणही उरले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

धर्मनियमांचा अर्थ लावण्याचा हा प्रश्न मराठी ज्यूंनाही भोगावा लागला. कोकणात तेलाचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणजे बेने इस्राएल. ते इस्रायलला गेले तेव्हा त्यांच्याशी विवाह धर्मसंमत आहे काय, अशी शंका तेथील धर्मपीठाने घेतली. त्यांनी निदर्शने केली, आणि 1964 मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे इस्रायलच्या संसदेने घोषित केले.

लक्ष्मणशास्त्री पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांचे सहकारी झाले. त्यांची मते आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाहीत. 11 मे 1951 रोजी सोमनाथच्या नव्या मंदिरात ज्योतिर्लिंगाची प्राणप्रतिष्ठा झाली, तेव्हा पौरोहित्याची धुरा मात्र याच रॉयवादी पंडिताकडे होती. मराठी विश्वकोशाचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा कचेरी मुंबई-पुण्याला न थाटता वाईतच थाटली गेली. त्याचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला.